अथर्वशीर्ष, मंत्रपुष्पांजली आणि घरच्या पूजेतले मंत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण लागला की आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये अथर्वशीर्षाचा वर्ग सुरू होतो आणि त्याच दिवसापासून माझ्या फोनवर प्रश्नही. दरवर्षी माणसं नवी येतात, प्रश्न मात्र बरेचसे तेच असतात. ते एकत्र करून उत्तरं लिहिली आहेत. मी वेदपाठशाळेत शिकलेली नाही. एका घनपाठी (वेदाचा सगळ्यात अवघड ‘घन’ पाठ येणाऱ्या) गुरुजींकडे बसून उच्चार शिकले, संस्कृत कॉलेजात शिकले आणि बाकीचं शिकवता शिकवता कळलं. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. मंत्र, श्लोक, स्तोत्र, आरती… सगळं एकच ना?

नाही, पण घरात आपण सगळ्यालाच ‘मंत्र म्हणणं’ म्हणतो आणि त्याने काही बिघडत नाही. काटेकोरपणे मंत्र म्हणजे वेदसंहितेतली ऋचा (पद्य) किंवा यजुस् (गद्य). त्याशिवाय ‘ॐ गं गणपतये नमः’ सारखे जपाचे मंत्र. श्लोक हा छंदाचा प्रकार, तो रामायणात असेल नाहीतर सुभाषितात. स्तोत्र म्हणजे देवाची स्तुती, बहुधा श्लोकांत बांधलेली. आरती तर आपली मराठीच. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ समर्थ रामदासांची आहे, तिला कुणी मंत्र म्हणत नाही, पण ती म्हटल्याशिवाय गणपती बसल्यासारखाही वाटत नाही.

‘मननाने तारतो तो मंत्र’ ही व्युत्पत्ती गोड आहे, पण व्याकरणाने ‘मन्’ धातूला साधन दाखवणारा ‘त्र’ प्रत्यय लागतो. पात्र, शस्त्र, नेत्र हे शब्द असेच तयार झालेत. म्हणजे मंत्र हे मननाचं साधन. मला हा कोरडा अर्थच जास्त आवडतो.

२. ‘घालीन लोटांगण’ संस्कृत आहे की मराठी?

दोन्ही. पहिलं कडवं मराठी, पुढचं ‘त्वमेव माता च पिता त्वमेव’ संस्कृत, ‘कायेन वाचा’ हा भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या श्लोकाचा थोडा बदललेला पाठ, ‘अच्युतं केशवं’ अच्युताष्टकातलं आणि शेवटचं ‘हरे राम हरे राम’ कलिसंतरणोपनिषदातलं. कुणी तरी कधी तरी वेगवेगळ्या ठिकाणची फुलं एकाच दोऱ्यात ओवली आणि महाराष्ट्राने ती तशीच गळ्यात घातली.

३. अथर्वशीर्षात नेमकं म्हटलंय काय? दोन ओळींत सांगा.

दोन ओळींत नाही बसायचं, पण क्रम सांगते. सुरुवातीला गणपतीला समोर धरून सरळ ‘तू’ म्हटलंय: तूच प्रत्यक्ष तत्त्व, तूच कर्ता, धर्ता, हर्ता, तूच ब्रह्म. मग ‘ऋतं वच्मि, सत्यं वच्मि’, मी खरं तेच बोलतो. लगेच रक्षणाची मागणी: मला राख, बोलणाऱ्याला राख, ऐकणाऱ्याला राख, मागून, पुढून, वरून, खालून. त्यापुढे तत्त्वज्ञान येतं. पंचमहाभूतं, तीन गुण, वाणीची चार पदं, मूलाधार, सगळं तूच. मग ‘गं’ हे बीज कसं तयार होतं याची अक्षरशः कृती दिली आहे: आधी ग्, मग अ, मग अनुस्वार. स्वतःच्या बीजमंत्राचं व्याकरण शिकवणारा पाठ मला दुसरा फारसा आठवत नाही. त्यानंतर गणेशगायत्री, मग एकदंत, चार हात, लाल वस्त्र, सुपासारखे कान असं ध्यान आणि शेवटी ‘नमो व्रातपतये’ हा नमस्कार. इथे मूळ पाठ संपतो. पुढे येते ती फलश्रुती (प्रश्न ९).

४. हे खरंच अथर्ववेदात आहे का?

अथर्ववेदाच्या संहितेत शोधाल तर सापडणार नाही. परंपरा त्याला अथर्ववेदाशी जोडलेलं उपनिषद मानते. मुक्तिकोपनिषदातल्या १०८ उपनिषदांच्या यादीत गणपती-उपनिषद आहे. भाषा आणि मूलाधारासारखे योग-तंत्रातले शब्द पाहता अभ्यासक ते बऱ्याच नंतरच्या काळातलं मानतात. अथर्वशीर्ष एकट्या गणपतीचंच नाही. शिव, सूर्य, देवी आणि नारायण यांचीही आहेत, म्हणजे पंचायतनातल्या (एकत्र पुजल्या जाणाऱ्या) पाचही देवांची.

‘अथर्व म्हणजे न हलणारं’ असं वर्गात नेहमी सांगितलं जातं. ते हवेतलं नाही, यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड सांगणाऱ्या त्याच्या प्राचीन ग्रंथात, ‘थर्व्’ म्हणजे हलणं आणि त्याचा नकार अशी फोड केली आहे. शीर्ष म्हणजे डोकं. ‘डोकं स्थिर करणारं’ हा सोयीचा अर्थ त्यावरूनच काढला गेला.

५. अर्थ कळत नाही, नुसतं पाठ आहे. त्याला काही किंमत आहे का?

हा वाद आपल्यापेक्षा खूप जुना आहे. निरुक्तात यास्क कौत्स नावाच्या आचार्याचं मत मांडतो: मंत्रांना अर्थच नसतो. यास्क ते खोडतो आणि थोडं पुढे असंही म्हणतो, की वेद पाठ करून ज्याला अर्थ कळत नाही तो नुसता ओझं वाहणारा खांब. म्हणजे दोन्ही बाजूंची माणसं तेव्हाही होती.

माझा अनुभव असा की पाठ आधी येऊ द्या, अर्थ मागून येतो. पण आला पाहिजे. आमच्या वर्गातल्या एका काकूंनी अथर्वशीर्ष चाळीस वर्षं म्हटलं होतं. ‘अव श्रोतारम्’चा अर्थ कळल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे मी इतकी वर्षं स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या सुनेसाठी पण मागत होते की!” अर्थ कळल्यावर त्यांचा उच्चारही बदलला. ‘अवश्रोतारम’ असा एकच लोळ होता, त्याचे दोन शब्द झाले. शब्द कुठे तुटतो हे कळलं की अर्ध्या चुका आपोआप जातात.

६. उच्चार चुकला तर उलटं फळ मिळतं म्हणे. भीती वाटते, म्हणून म्हणतच नाही.

ही भीती ‘इन्द्रशत्रु’च्या गोष्टीतून आली आहे. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता. त्याने यज्ञात ‘इन्द्रशत्रुर्वर्धस्व’ म्हटलं, पण स्वर चुकला. शेवटच्या अक्षरावर उदात्त (उंच स्वर) असता तर ‘इंद्राचा मारेकरी’ असा अर्थ झाला असता. तो पडला पहिल्यावर आणि अर्थ झाला ‘इंद्र ज्याचा मारेकरी आहे तो’. वृत्र जन्मला आणि इंद्राकडूनच मेला. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्राच्या ग्रंथात याचाच दाखला देऊन म्हटलंय, की स्वराने वा वर्णाने चुकलेला मंत्र वाणीचं वज्र होऊन यजमानावरच पडतो.

पण ती गोष्ट कुणाची आहे ते पाहा. शत्रूचा जीव घ्यायला यज्ञ मांडलेल्याची. तुम्ही देव्हाऱ्यासमोर चौरंगावर बसून ‘मला राख’ म्हणताय. आणि आपल्याच पूजाविधीत शेवटी काय म्हणतो? ‘आवाहनं न जानामि न जानामि तवार्चनम्’, मग ‘मन्त्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर’. मंत्र चुकला, कृती राहिली, भक्तीही कमी पडली, तरी पूर्ण मानून घे. चूक होणार हे गृहीत धरून माफीची सोय विधीतच करून ठेवली आहे. श्रौत (वेदांत सांगितलेल्या मोठ्या) यज्ञाचा काटा घरच्या पूजेला लावू नका.

याचा अर्थ कसंही म्हणा असा मात्र नाही. शिकण्याचा आळस आणि चुकण्याची भीती, दोन्ही सोडा.

७. मराठी माणसाचे नेमके कुठले उच्चार चुकतात?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांब.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘अ’ गिळणं. मराठीत आपण ‘गणपती’ लिहितो आणि ‘गण्पती’ म्हणतो. तीच सवय संस्कृतात जाते आणि ‘गण्पतये’, ‘एक्दन्तम्’ होतं. संस्कृतात लिहिलेला प्रत्येक ‘अ’ म्हणायचा: ग-ण-प-त-ये. ‘अव त्वं माम्’ मधला ‘अव’ हा ‘अव्’ नाही. ‘व’ पूर्ण म्हणा. रक्षण कर असं ते क्रियापद आहे.

उलट जिथे पाय मोडलाय तिथे अक्षर अर्धंच थांबवायचं. ‘माम्’, ‘पश्चात्तात्’, ‘प्रचोदयात्’.

दुसरी, शब्द भलतीकडे तोडणं. ‘अवानूचानमव शिष्यम्’ हे दहातले आठ जण ‘अवानूचा… नमव शिष्यम्’ म्हणतात. फोड अशी: अव, अनूचानम्, अव, शिष्यम्. अनूचान म्हणजे ज्याने गुरूकडे वेद शिकलाय तो. त्याला राख, शिष्याला राख. तसंच ‘अवाधरात्तात्’ म्हणजे अव, अधरात्तात्, खालून राख.

तिसरी, अनुस्वार. ‘संहिता’ला आपण ‘सौंहिता’ म्हणतो, जसं ‘सिंह’चं ‘सिंव्ह’ करतो. मध्ये व शिरू देऊ नका; ‘सं’ नाकात, लगेच ‘हिता’.

चौथी, ज्ञ. ‘ज्ञानमयो विज्ञानमयोऽसि’ मध्ये आपण ‘द्न्य’ म्हणतो, हिंदी भाषक ‘ग्य’ म्हणतात आणि दोघं एकमेकांना हसतात. मुळात ते ज् आणि ञ् यांचं जोडाक्षर आहे, दोन्ही टाळूला जीभ लावून. ऋचंही तसंच. आपला ‘रु’, त्यांचा ‘रि’. तो स्वर आहे, त्यामागे उ पण नाही आणि इ पण नाही. सवयीने थोडा ‘रु’ आला तर फार मनाला लावून घेऊ नका. चांगले शिकलेले गुरुजीही आपापल्या प्रांताचा ऋ म्हणतात.

पाचवी, च आणि ज. मराठीत चहाचा च वेगळा आणि चाकाचा च वेगळा. संस्कृतात फक्त चहाचा. ‘चत्वारि वाक्पदानि’ चाकाच्या ‘च’ने म्हटलं की घनपाठी गुरुजी डोळे मिटून घेतात. (मी पाहिलंय.)

‘ऽ’ या चिन्हाचा उच्चार काय, असंही विचारतात. काही नाही. तिथे एक अ लोप पावलाय एवढंच ते सांगतं. ‘भूमिरापोऽनलोऽनिलो नभः’ सलग म्हणा.

८. माझ्या पुस्तकात अक्षरांच्या वर उभ्या आणि खाली आडव्या रेघा आहेत, आईच्या पुस्तकात नाहीत. कुठलं बरोबर?

दोन्ही. त्या रेघा वैदिक स्वरांच्या आहेत. खाली आडवी रेघ म्हणजे अनुदात्त, आवाज खाली. वर उभी रेघ म्हणजे स्वरित. उदात्ताला सहसा खूण नसते. हे स्वर पुस्तकावरून शिकता येत नाहीत, समोर बसूनच शिकावे लागतात. छपाई नव्हती तेव्हा संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा पाठांत तेच शब्द उलटसुलट गुंफून म्हणत, म्हणजे एक अक्षरही निसटत नसे. या मौखिक परंपरेला युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं आहे.

गुरू मिळाला तर स्वरासहित शिका. नाही तर एका सुरात, सपाट, शब्द स्वच्छ ठेवून म्हणा. यूट्यूबवर ऐकून अर्धवट चढ-उतार करण्यापेक्षा सपाट पाठ कितीतरी बरा.

पुस्तकापुस्तकांत शब्दही वेगळे दिसतात. कुठे ‘अवस्थात्रयातीतः’ असतं, कुठे नसतं. कुठे ‘विघ्ननाशिने’, कुठे ‘विघ्नविनाशिने’. हे पाठभेद आहेत, छपाईच्या चुका नव्हेत. एकत्र म्हणताना मात्र सगळ्यांनी एकच पुस्तक धरा, नाहीतर त्या ओळीला हॉलमध्ये नुसता गलका होतो. ‘दन्ती’ की ‘दन्तिः’ हे पण विचारतात. व्याकरणाला ‘दन्ती’ सोपं वाटतं, पाठ ‘दन्तिः’ असाच आहे. तोच म्हणा.

९. एकवीस आवर्तनं करताना फलश्रुती दर वेळी म्हणायची का? आणि किती वेळ लागतो?

नाही. शांतिमंत्र सुरुवातीला एकदा, मग ‘ॐ नमस्ते गणपतये’ ते ‘श्रीवरदमूर्तये नमो नमः’ एवढंच वीस वेळा, आणि एकविसाव्या वेळी फलश्रुतीसह. एकच आवर्तन असेल तर अर्थातच सगळं म्हणावं. फलश्रुती म्हणजे हे म्हटल्याने काय मिळतं याची यादी, मूळ पाठाचा भाग नव्हे.

शांत गतीने फलश्रुतीशिवाय एका आवर्तनाला साधारण चार मिनिटं लागतात. एकवीसला सव्वा ते दीड तास धरा, मध्ये पाणी प्या. पाऊण तासात एकवीस उरकणारे मी ऐकलेत. तिथे ‘अव’ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे गणपतीलाच ठाऊक.

सहस्रावर्तन एकट्याने करायची गरज नाही. फलश्रुतीतच ‘सहस्रावर्तनात्’ शब्द आहे, आणि आपल्याकडे ते समूहाने करायची रीत पडली आहे. अठ्ठेचाळीस जणींनी एकवीस म्हटली की १००८ होतात. पुण्यात दगडूशेठ गणपतीसमोर ऋषिपंचमीच्या पहाटे हजारो स्त्रिया एकत्र अथर्वशीर्ष म्हणतात, तेव्हा पहिल्याच आवर्तनात हजार ओलांडले जातात.

मोजायला तांदळाचे दाणे किंवा दूर्वा घ्या. बोटं चालतात, पण पंधराव्याला हमखास गोंधळ होतो.

१०. शाडूच्या मूर्तीवर अथर्वशीर्षाने अभिषेक कसा करायचा? मूर्ती विरघळेल.

करूच नका. मूर्तीवर दूर्वेने किंवा फुलाने पाणी शिंपडा आणि अभिषेक शेजारच्या ताम्हनात सुपारीवर किंवा घरच्या धातूच्या गणपतीवर करा.

११. मनात म्हणावं, पुटपुटावं की मोठ्याने?

जपाचे तीन प्रकार सांगितलेत: वाचिक म्हणजे ऐकू येईल असा, उपांशु म्हणजे ओठ हलतात पण शेजाऱ्याला कळत नाही असा, आणि मानस. मनुस्मृतीत यांची चढती किंमत सांगितली आहे. विधियज्ञाहून जप दहापट, उपांशु शंभरपट, मानस हजारपट. पण हे जपाबद्दल, म्हणजे ‘ॐ गं गणपतये नमः’ माळेवर करता त्याबद्दल. अथर्वशीर्ष, पुरुषसूक्त यांचा पाठ असतो आणि पाठ कानाला ऐकू यावा. नवशिक्यांनी तर मोठ्यानेच म्हणावं, मनातल्या मनात म्हटल्यावर चुका सापडत नाहीत.

माळ १०८ मण्यांची. मेरुमणी ओलांडत नाहीत, तिथून माळ उलटी फिरवतात. तर्जनी लावत नाहीत.

१२. मंत्रपुष्पांजलीत गणपतीचं नाव कुठे आहे?

कुठेच नाही! प्रत्येक मंडळात, प्रत्येक घरात आरतीनंतर फुलं हातात घेऊन आपण जे म्हणतो त्या चार मंत्रांत गणपती नाही. शेवटी ‘एकदन्ताय विद्महे’ जोडलं तरच तो येतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते जोडतात.

‘यज्ञेन यज्ञमयजन्त देवाः’ ही पुरुषसूक्ताची शेवटची ऋचा (ऋग्वेद १०.९०.१६). देवांनी यज्ञाने यज्ञपुरुषाचं पूजन केलं, तेच पहिले धर्म ठरले. ‘राजाधिराजाय’ तैत्तिरीय आरण्यकातलं, आणि त्यातला राजाधिराज आहे कुबेर, वैश्रवण. तो माझ्या इच्छा पुरवो. ‘ॐ स्वस्ति, साम्राज्यं भौज्यं’ हे ऐतरेय ब्राह्मणातल्या राज्याभिषेकाचं. राज्याचे प्रकार एकामागून एक सांगून शेवटी समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा एकच राजा व्हावा अशी इच्छा. चौथा, मरुत्त राजाची कीर्ती. त्याच्या घरी मरुद्गण ‘परिवेष्टारः’ होते, म्हणजे वाढपी, आणि विश्वेदेव सभासद. देव पंगतीत वाढायला उभे आहेत हे चित्र डोळ्यांसमोर आणा, पुढच्या वेळी फुलं टाकताना हसू येईल.

तीन ठिकाणी सांभाळा. ‘तेहं नाकं’ असं छापलेलं दिसतं, ते ‘ते ह नाकं’ आहे; ‘ह’वर टिंब नाही. ‘प्रसह्यसाहिने’ एका दमात. आणि ‘एकराळिति’ मधला ळ खरंच ळ आहे, मराठीकरण नव्हे. ऋग्वेदाच्या पाठात दोन स्वरांमधल्या ड् चा ळ होतो. ऋग्वेदाचा पहिलाच मंत्र ‘अग्निमीळे पुरोहितम्’ असा. आपल्या जिभेला तो सहज येतो, हिंदी भाषकाला शिकावा लागतो.

आरतीतल्या ‘फळीवर वंदना’बद्दल कृपया कुणी विचारू नका. ‘फणिवरबंधना’ आहे. साप कमरेला बांधलेला.

१३. बायकांनी, मुंज न झालेल्यांनी, कुठल्याही जातीच्या माणसाने वैदिक मंत्र म्हणावेत का?

हो. हे माझं उत्तर. जुन्या धर्मशास्त्राचं उत्तर वेगळं होतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. वेदाध्ययन उपनयनानंतर, उपनयन तीन वर्णांच्या मुलग्यांचं. इतरांसाठी पूजेत ‘वेदोक्त’ऐवजी ‘पुराणोक्त’ मंत्र.

हा फरक महाराष्ट्रात केवळ पोथीतला नव्हता. १८९९ साली कोल्हापुरात पंचगंगेवर स्नानाच्या वेळी छत्रपती शाहू महाराजांच्या लक्षात आलं, की पुरोहित वेदोक्त नाही, पुराणोक्त मंत्र म्हणतोय. राजालाच शूद्र ठरवून. त्यातून उभं राहिलेलं वेदोक्त प्रकरण वर्षानुवर्षं धुमसलं. त्याआधीच, १८७३ मध्ये, महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापून पुरोहिताशिवाय विधी करायला सुरुवात केली होती. म्हणजे एका वाटेने माणसं म्हणत होती, मंत्र आमचेही आहेत. दुसऱ्या वाटेने, मंत्रांवाचून आमचं अडत नाही.

स्त्रियांबाबत साकोरीला उपासनी महाराजांच्या कन्याकुमारी स्थानात मुली वेद शिकून यज्ञ करू लागल्या. पुण्यात सत्तरच्या दशकात शंकरराव थत्ते यांनी बायकांना पौरोहित्य शिकवलं, नंतर ज्ञानप्रबोधिनी या संस्थेने जात आणि लिंग न पाहता पुरोहित घडवले. आज लग्न, वास्तुशांत, श्राद्धसुद्धा बाई सांगते आणि सोसायटीत कुणाची भुवई उंचावत नाही. निदान आमच्या तरी.

तुमच्या घरात कुणाचा विरोध असेल तर वाद घालत बसू नका, पुढच्या खोलीत बसून म्हणा. आवाज जातोच.

१४. पाळी असेल तर? सुतक असेल तर?

सुतकात घरची देवपूजा थांबवतात, नित्याचा मानस जप चालू ठेवायला बहुतेक गुरुजी हरकत घेत नाहीत. दहाव्या-तेराव्यानंतर पूजा पूर्ववत.

पाळीबद्दल रूढी नाही म्हणते. मी वर्गात कुणाला विचारत नाही आणि कुणी सांगावं असंही मला वाटत नाही. ज्यांना पाळायचं त्यांनी पाळावं, दुसरीला पाळायला लावू नये.

१५. रोज यूट्यूबवर लावते, मी ऐकते. म्हटल्यासारखंच ना?

म्हटल्यासारखं नाही, पण वायाही नाही. ‘अव वक्तारम्’ नंतर लगेच ‘अव श्रोतारम्’ आहे. ऐकणाऱ्याची जागा पाठातच आहे. फक्त श्रोता म्हणजे ऐकणारा. मिक्सर, टीव्ही आणि अथर्वशीर्ष एकदम चालू असेल तर तुम्ही श्रोता नाही. शिकायचं असेल तर एकच गायन निवडा, संगीत कमी असलेलं, आणि आधी प्रश्न ७ वाचा.

१६. फलश्रुतीत ‘अशिष्याय न देयम्’ आहे. मग तुम्ही ऑनलाइन कुणालाही कसं शिकवता?

दरवर्षी एक तरी चोखंदळ माणूस हे विचारतो, आणि बरोबरच विचारतो. ओळीचा अर्थ: जो शिष्य नाही त्याला हे देऊ नये, मोहाने देईल तो पापी होईल. पण शिष्य कोण? जात, वय, लिंग काही म्हटलेलं नाही. शिकायची तयारी असलेला, सांगितलेलं ऐकणारा तो शिष्य. स्क्रीनपलीकडे बसून महिनाभर ‘अनूचानम्’ घोटणारी मुलगी माझ्या लेखी शिष्य आहे. ‘मोहात्’ हा शब्द मात्र मी स्वतःला लावते. पैसे घेऊन ‘सात दिवसांत सिद्धी’ असला वर्ग काढला असता तर ती ओळ माझ्यासाठीच होती.

१७. ‘विद्यावान् भवति’ म्हटलंय. मुलाचे मार्क वाढतील? कंपनांनी आजार बरे होतात?

चतुर्थीला उपास करून जप करणारा विद्यावान होतो, अभिषेक करणारा वाग्मी (उत्तम बोलणारा) होतो असं फलश्रुती म्हणते. अभ्यास न करता होतो असं म्हणत नाही. मुलांच्या बाबतीत एक फायदा मी रोज पाहते: जोडाक्षरं सुटतात, जीभ वळते, न पाहता म्हणायची सवय लागते. पाच-सहा वर्षांचं मूल महिन्याभरात सगळं पाठ करतं, आपल्याला तीन लागतात.

लांब ओळ एका श्वासात म्हणताना श्वास सावकाश होतो आणि मन बसतं, एवढं मी अनुभवाने सांगेन. आजार बरा होण्याच्या फॉरवर्ड आलेल्या मजकुरावर माझा विश्वास नाही. औषध चालू ठेवा.

१८. गुरुजी मिळत नाहीत. पुस्तक बघून प्राणप्रतिष्ठा केली तर चालेल?

चालेल. चतुर्थीच्या सकाळी एक गुरुजी दहा-पंधरा घरं करतात, तुमच्या वाट्याला वीस मिनिटं येतात. त्यापेक्षा घरातल्या कुणी आदल्या रात्री पोथी वाचून शांतपणे केलेली पूजा मला बरी वाटते. सोळा उपचारांना पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा, एकेकाला एक, अशी सोय आहे. त्या जड वाटल्या तर प्रत्येक उपचाराला ‘श्रीगणेशाय नमः, गंधं समर्पयामि’ असं नाममंत्राने करा. ‘नमः’ असलं की नाव चतुर्थी विभक्तीत: गणेशाय, शिवाय, गणपतये. ‘गणपते नमः’ चूक. उत्तरपूजेला ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणून अक्षता वाहा आणि मूर्ती किंचित हलवा.

१९. आम्ही न्यू जर्सीत राहतो. संकल्पात ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ कसं म्हणायचं?

म्हणू नका, तुम्ही तिथे नाही. संकल्प म्हणजे मी कोण, कुठे, केव्हा, कशासाठी हे सांगणं. खुद्द महाराष्ट्रातही पुणेकर दक्षिण तीर म्हणतो आणि नागपूरकर उत्तर तीर. तिथल्या गुरुजींनी द्वीप-खंडांचे वेगवेगळे पाठ रूढ केलेत. तुमच्या भागात चालतो तो घ्या, नाही तर देशाचं आणि गावाचं नाव सरळ सांगा.

तिथी मात्र पुण्याच्या कालनिर्णयावरून घेऊ नका. गणेश चतुर्थीला मध्यान्ही चतुर्थी असावी लागते आणि तुमचं मध्यान्ह वेगळं. कधी कधी त्यामुळे भारताच्या आदल्या दिवशी गणपती बसतो. आईने फोनवर आरडाओरड केली तरी स्थानिक पंचांगच धरा.

२०. मध्येच कुरियरवाला आला, आवर्तन तुटलं. पुन्हा पहिल्यापासून?

पुस्तकात खंडांना आकडे आहेत. ज्या खंडात थांबलात त्याच्या सुरुवातीपासून धरा. समूहात असाल तर उठून जा, परत येऊन चालू आवर्तनात मिसळा आणि तेवढं एक मोजू नका.